वाकड्या जिन्याचं घर

मित्रांनो, मी एक जुनं घर आहे. पण मला शोधत रस्त्यावर फिरू नका, सापडायचो नाही. मी एका ऑनलाइन गेममध्ये आहे. सातवी गल्ली, बारा नंबरचा प्लॉट. माझ्या भिंतींना ओल येत नाही, पोपडे धरत नाहीत, तरी मी पार थकून गेलोय. वाट बघूनही माणूस थकतो, मग घराचं काय घेऊन बसलात!

मला बांधलं एका शिवणकाम करणाऱ्या काकूंनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने. भाऊ विमानाने जावं लागेल इतक्या लांब राहायचा. भेट व्हायची ती माझ्याच अंगणात, दर रविवारी, कानाला हेडफोन लावून. जिना भावाने बसवला आणि वरच्या तीन पायऱ्या तिरक्या गेल्या.

"अरे, माप घेतलं होतंस का?" काकू म्हणाल्या.

"ताई, जिना आहे तो, ब्लाउज नाही!"

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला. काकूंनी जिना सरळ केला नाही. रविवारी येऊन त्या तिसऱ्या पायरीवर एकट्याच बसायच्या. मला फार वाईट वाटायचं, पण घराला बोलता कुठे येतं?

आता आमच्या गेमचा कायदा ऐका. मालक पंचेचाळीस दिवस दारातून आत आला नाही, की घर पाडतात आणि प्लॉट दुसऱ्याला देतात. आधी एक ईमेल येतो म्हणे. पण काकू ईमेल उघडणार पासवर्ड विसरल्या तरच. आणि या खेपेला काकू येईनाशा झाल्या. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी दिवस मोजू लागलो.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. कुंड्यांना तीन दिवस पाणी मिळालं नाही तर झाडं वाळतात, म्हणून शेजारी एकमेकांच्या कुंड्यांना पाणी घालतात. घालून सांगत मात्र नाहीत. उपकार दाखवल्यासारखं होतं ना! डावीकडची नर्सताई सकाळी ड्युटीआधी येऊन पाणी घालायची. उजवीकडचा बेकरीवाला दुपारी भट्टी आवरून यायचा. त्याला माती ओली दिसे. तो म्हणे, "काकू येऊन गेल्या वाटतं!" आणि सवयीने आणखी एक झारी ओतून जाई. दुसऱ्या दिवशी ताईला माती ओली दिसे, आणि तीही तेच म्हणे. मी आतून ओरडत होतो, अरे बाबांनो, दार बघा, दार! किती दिवसांत उघडलेलं नाही ते! पण बाहेर झाडं अशी तरारली होती की दाराकडे बघतो कोण?

चव्वेचाळिसाव्या दिवशी ताईची ड्युटी बदलली आणि ती दुपारी आली. कुंडीपाशी बेकरीवाला झारी घेऊन उभा.

"तुम्ही घालताय पाणी? मला वाटलं काकू येतात!"

"अहो, मला वाटलं काकूच घालतात!"

दोघांनीही दाराकडे पाहिलं. मग ताईचा आवाज चिरकला, "किती दिवस झाले असतील हो?"

सात वर्षांचा शेजार, पण काकूंचा फोन नंबर कुणाकडे नव्हता. शेवटी तो माझ्या पाहुण्यांच्या वहीत सापडला. पहिल्याच पानावर काकूंनी लिहून ठेवलं होतं, 'कपडे शिवून मिळतील', आणि खाली नंबर. ताईने तिथल्या तिथे फोन लावला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या शेवटच्या दिवशी, काकू आल्या. उजवं मनगट मोडून हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने माउस धरून त्या दोनदा कुंपणावर आपटल्या, एकदा कुंडीत शिरल्या आणि मग दारातून आत आल्या. माझा जीव भांड्यात पडला.

ताई आणि बेकरीवाला अंगणात उभे होते. त्यांना वाटलं, काकू झाडांचं कौतुक करतील. काकू तिसऱ्या पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "रोज दोघं दोघं पाणी घालत होता. दीड महिना मी घरात एकटी पडून होते. एक फोन नाही करवला?"

बेकरीवाल्याने हातातली झारी खाली ठेवली.

मित्रांनो, मी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलोय, आणि खरं सांगतो, आता दम उरला नाही. म्हणून हात जोडून एवढंच मागतो. शेजाऱ्याच्या झाडांना पाणी जरूर घाला, पण जाता जाता दारही वाजवा.