दहापैकी दहा

"नुसतं छान म्हणाली? आणखी काही नाही?"

रिकामा डबा आक्काच्या हातात आला होता, तरी ती दारातून बाजूला होत नव्हती. भाची बाहेरच ताटकळली होती. सकाळपासून दवाखान्यात आईच्या उशाशी बसून आलेली, एक चप्पल पायात आणि एक पायाबाहेर.

"मावशी, आत तर येऊ दे. छान म्हणाली. चार चमचे सूप घेतलं. डॉक्टर म्हणाले, चार चमचे म्हणजे पुष्कळ."

"डॉक्टरांचं राहू दे. पाणचट झालंय, गाजर कच्चं राहिलंय, असलं काही बोलली का?"

"नाही गं. छान म्हणाली आणि डोळे मिटले."

 आक्का डबा घेऊन मोरीकडे गेली आणि स्वच्छच असलेला डबा पुन्हा घासायला बसली.

एकतीस वर्षं तिने त्याच दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काढली होती. आधी भाज्या चिरायला, मग ताटं भरायला आणि शेवटची बारा वर्षं परत आलेल्या ताटांच्या खिडकीपाशी. वॉर्डावरून गाडा यायचा, ती झाकणं काढायची आणि उरलेलं बघायची. कोणी काय खाल्लं यापेक्षा कोण काय बोललं ते तिला जास्त कळायचं, कारण गाडा ढकलणाऱ्या बाया सगळं सांगत यायच्या. बारा नंबर म्हणतो, हा भात आहे की खळ? सात नंबरच्या आजी म्हणतात, स्वयंपाकीणबाईंना इकडे पाठवा, मी शिकवते. आक्का खूश व्हायची. शिव्या देणारा माणूस आठवड्याभरात घरी जायचा, हा तिचा अनुभव. "सगळं छान आहे हो," म्हणत ताट हलकेच बाजूला सारणाऱ्यांची मात्र तिला धास्ती वाटायची.

आणि धाकटी, भाचीची आई! धाकटीने जन्मात कधी आक्काच्या स्वयंपाकाला छान म्हटलं नव्हतं.

दोघींची आई कामावर जायची तेव्हा अकरा वर्षांची आक्का चूल सांभाळायची. सहा वर्षांची धाकटी उंबऱ्यावर चमचा घेऊन बसायची, एक घास चाखायची आणि शाळेतल्या बाईंसारखा चेहरा करून मार्क द्यायची. दहापैकी चार. दहापैकी तीन, तेही बटाट्यासाठी. एकदा आक्का तापाने फणफणलेली असताना सहा मिळाले होते, ते दयेचे. पुढे दोघी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या, आक्का दवाखान्यात लागली, तिचा नवरा गेला, दोघींचे केस पिकले, तरी मार्क चालूच राहिले. "आक्काच्या हाताला दोनशे आजाऱ्यांच्या जेवणाची सवय," धाकटी चारचौघांत म्हणायची. "मीठ दिसलं की तिचा हात लाजतो." आक्का चिडायची. दोन दोन दिवस बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी काहीतरी नवीन करून न्यायची आणि पाच मार्क घेऊन परतायची.

ऑपरेशन झालं त्या दिवसापासून ती आपलं घर बंद करून धाकटीच्या घरी येऊन राहिली होती. दवाखान्यात एकाने बसायचं, एकाने घर बघायचं, आणि आक्काने रांधायचं. मऊ भात, उकडलेले बटाटे, अंडी, भाज्यांचं सूप. अडलेल्या घशाखालीसुद्धा उतरेल असं. आज पाचवा दिवस.

संध्याकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे धाकटीचा नवरा, शिंपी. पाच दिवसांत दुकानाचं दार उघडलं नव्हतं, पण गळ्यातली टेप तशीच होती. आंघोळीनंतर सवयीने पुन्हा गळ्यात जायची. आक्काने ताट वाढलं. त्यांनी भात कालवला, खाल्ला, हात धुतला.

"कसं झालं होतं?"

"छान झालं होतं, आक्का."

"बटाटे?"

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं. "बटाटे होते का?" ते म्हणाले, आणि मग घाईने, "छान होते, छान होते."

सकाळी आक्का सहालाच ओट्यापाशी उभी होती. ओटा पुसला. पुन्हा पुसला. गाजरं सोलली आणि गरज नसताना आणखी दोन सोलली. खिडकीशी गेली, परत आली. फोन उचलून कानाला लावला, चालू आहे ना म्हणून. सूप उकळलं, भात शिजला, आणि मिठाच्या बरणीकडे गेलेला हात तिने मध्येच मागे घेतला. सुपात नाही, भातात नाही, अंड्यांवर नाही. कशातच नाही. आता बघू कशी गप्प बसते, ती स्वतःशी म्हणाली.

आधी घरातल्यांना वाढलं. मास्तरांनी सगळं संपवलं आणि छान म्हटलं. भाचीने अर्धं खाल्लं आणि छान म्हटलं. आक्का दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. कोणाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

"डबा आज मी नेते," ती म्हणाली.

"गुडघ्यांचं काय मावशी? तिथे दोन जिने आहेत."

"ते जिने मला तुझ्या जन्माआधीपासून ओळखतात."

धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाच दिवसांत माणूस इतका लहान होतो हे आक्काने इतरांच्या बाबतीत शेकडो वेळा पाहिलं होतं. धाकटीची बोटं चादरीच्या काठावरून फिरत होती. जन्मभर काज-बटणं केलेली बोटं, शिवण हाताला लागली की थांबणारी.

"डबेवाल्या आल्या वाटतं," धाकटी न बघताच म्हणाली.

"कसं ओळखलंस?"

"धापा टाकतेयस ना केवढ्या."

आक्काने वाटीत सूप ओतलं, फुंकर घालून चमचा पुढे केला. एक. दोन. तिसरा चमचा धाकटीने तोंडात बराच वेळ धरला. आक्का पुढे वाकली.

"छान आहे," धाकटी म्हणाली.

"नीट चाखून सांग."

"चाखलं."

"मार्क दे मग."

धाकटीने डोळे उघडले. थोडा वेळ बहिणीकडे पाहिलं. "दहा," ती म्हणाली.

"दहा?" आक्काचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून बघायला लागली. "अगं मीठ नाहीये त्यात! चिमूटभरसुद्धा नाही! दहा काय देतेस?"

"माहितेय मला."

"मग बोलत का नाहीस?"

"तू मुद्दाम घातलं नाहीस. विसरणारी नाहीस तू. कमी घालणारी आहेस." धाकटी हसली, की हसल्यासारखं केलं, आक्काला कळलं नाही. "तुझी ती खिडकीवरची गोष्ट मला पाठ आहे. शिव्या देणारे घरी जातात. पन्नास वेळा सांगितलीयस."

"मग दे की शिवी. एवढं काय जड आहे?"

"खोटी देऊ?"

 आक्काने हातातला चमचा खाली ठेवला.

"घे सगळे दहा," धाकटी म्हणाली. "ठेवून काय करू? साठ वर्षांचे थकलेत."

बाहेर गाडा गेला. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. आपल्या वेळेपासून तसंच कुरकुरतंय, कोणी तेल घालेल तर शपथ, असं आक्काच्या मनात आलं. अशा वेळीही असलं काहीतरी मनात येतं याचा तिला राग आला.

"त्या दोघांना वाढलंस का बिनमिठाचं?"

"वाढलं."

"मग?"

"छान म्हणाले."

"बघ." धाकटी थकून थांबली, मग पुन्हा बोलली. "माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस आता. त्यांच्याकडे बघ. मी गेले की तू वाढशील ते निमूट खातील. छान छान करतील. तू फसू नकोस, आणि इतक्यात आपल्या घरी जाऊ नकोस."

"किती दिवस राहू?"

"नावं ठेवेपर्यंत."

 "तुझी मुलगी बोलेल एकवेळ," आक्का म्हणाली. "मास्तर काय नावं ठेवणार? चाळीस वर्षं तुझ्या हातचं खाऊन त्यांना तोंड कुठे आहे!"

या वेळी धाकटी खरंच हसली. टाके दुखले, तिने पोटावर हात धरला. "चमचा दे," ती म्हणाली. आणखी दोन चमचे तिने घेतले. बहिणीसाठी घेतले, हे आक्काला दिसत होतं.

नऊ दिवसांनी धाकटी गेली. दुपारी, वॉर्डात ताटं वाटत होते त्या वेळेला.

आक्का राहिली. सकाळ-संध्याकाळ भात, सूप, बटाटे, कधी अंडी. आता मात्र ती मीठ मोजून घालायची, चाखून बघायची, पुन्हा घालायची. धाकटी म्हणायची तेवढं. मास्तर टेबलाशी येऊन बसायचे, खाऊन उठायचे. छान. भाची पुढ्यातलं चिवडत बसायची. छान, मावशी. आक्का ताटं उचलून नेताना झाकणं काढल्यासारखी उरलेलं बघायची आणि रात्री अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायची. आपल्या घराची किल्ली तिने पिशवीच्या तळाशी टाकून दिली होती.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी दुकान उघडलं. दुपारी तिघं जेवायला बसली. आक्काने वाढलं आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. सकाळी धाकटीच्या कपाटात तिचा चमचा सापडला होता, लहानपणचा, दांडा वाकलेला. त्यानंतर आपण स्वयंपाक कसा केला हे तिला आठवतही नव्हतं.

"मावशी."

आक्काने मान वळवली. भाचीने घास तोंडातच धरला होता, कपाळाला आठ्या घालून.

"यात मीठच नाहीये. कशातच नाहीये. चार मार्क. तेही बटाट्यासाठी."

बोलून झाल्यावर ती स्वतःच थबकली. तिने बापाकडे पाहिलं. मास्तरांनी आणखी एक घास घेतला, सावकाश चावला.

"चार जास्त होतात," ते म्हणाले.

"आणते," म्हणत आक्का उठली. आत जाऊन तिने मिठाची बरणी उचलली, झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी बरणी पोटाशी धरून ओट्याला टेकून उभी राहिली.

"आक्का," बाहेरून मास्तरांनी हाक मारली, "सापडलं का मीठ?"

"सापडलं," ती म्हणाली. पण लगेच बाहेर आली नाही.