कपाळावरचे नाव

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराखाली मी पावसाळा काढते. सध्या मी एका मुलीवर जळते आहे. तिला अजून दातही आलेले नाहीत. हसायचे असेल तर खुशाल हसा.

माझे मालक महादू तांडेल. त्यांना मुलगी झाली त्याच वर्षी सुताराने मला सागाच्या फळ्यांतून उभे केले, आणि महादूंनी स्वतःच्या हाताने माझ्या कपाळावर लेकीचे नाव लिहिले: नलू. कोणाला विचारले नाही की कोणाशी बोलले नाहीत. 'लू'चा उकार तर ओघळून पार पाण्यापर्यंत आला होता. तरी मला त्या नावाचा केवढा तोरा! मी किनाऱ्याला लागले की बायका टोपल्या घेऊन उठायच्या आणि म्हणायच्या, "नलू आली." वादळवाऱ्यातून मी महादूंना कितीदा सुखरूप घरी आणले. पुढे खरी नलू लग्न होऊन वाणगावला गेली. गावात तिचे नाव राहिले ते माझ्या कपाळावर.

यंदा आषाढात नलूच्या भावाला, निमेशला, मुलगी झाली. निमेश बोईसरच्या कारखान्यात कामाला. समुद्राशी त्याचा संबंध ताटातल्या बोंबलापुरता. मुलीचे नाव रिद्धी ठरले, पण ते लिहायचे कसे यावरून त्यांनी घर डोक्यावर घेतले. घरात बाळ झोपलेले, म्हणून सगळे माझ्या छपराखाली येऊन भांडायचे.

"ऋषीचा ऋ लिवू," निमेश म्हणे. "भारी वाटते."

"शाळंत पोरगी तो कसा काढणार?" त्याची बायको सलोनी म्हणे. "रि लिवा. वेलांटी पयली."

महादू वाळूत बोटाने दोन्ही अक्षरे काढून बघत. "मला दोनी चांगली दिसतात."

एका वेलांटीचे एवढे कौतुक! माझ्या ओघळलेल्या उकाराकडे कोणी कधी ढुंकूनही पाहिले नव्हते. माझा नुसता जळफळाट होई.

आमच्याकडे होडीला घरातल्या लेकीचे नाव असते. नारळी पौर्णिमा जवळ आली आणि मला रंग द्यायला चिंतू पेंटर आला. महादू हौसेने म्हणाले, "आता नातीचा नाव टाक." रंग खरवडायची पत्री माझ्या कपाळावर फिरली. जुन्या रंगाचे पोपडे वाळूत पडले, त्यात नलूही पडली. तिच्या जागी पहिल्या वेलांटीची रिद्धी आली, सलोनीच्या मनासारखी.

या हौसेत महादू एक गोष्ट विसरले. बारसे अजून व्हायचे होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तोवर ते बाहेर फुटू द्यायचे नाही, अशी या घरची रीत. इथे तर ते सगळा किनारा वाचत होता.

बारशाला नलू आली आणि माझ्यापुढे येऊन थबकली. तिच्या डोळ्यांत मला माझेच जळणे दिसले.

"बाबा, नाव सांगाया मला बोलवलं, नि तुमी आदीच गावभर केलं," ती म्हणाली. "माजा मान गेला, नि माजा नावपन गेला."

महादूंनी मान खाली घातली. "चुकला बाय. ध्यानातच नाय राहिला. पुसून टाकू?"

मी मनातल्या मनात म्हणाले, हो म्हण, नलू.

"नको," ती म्हणाली. "पोरीचा नाव पुसू नये."

माझे अवसानच गळाले. ती घरात गेली. "कुर्र, रिद्धी," असा तिचा आवाज मला इथवर ऐकू आला, मग बायकांनी तिच्या पाठीत घातलेले धपाटे आणि हसणे.

थोड्या वेळाने नलू पुन्हा बाहेर आली. मागोमाग तिची आई जमना. नलू वाकली आणि तिने माझ्या नव्या रंगाजवळ तोंड आणले.

"कुर्र," ती हळूच म्हणाली. "नलू."

जमनाने रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तो हात तिथेच ठेवला.

मित्रांनो, घरात नवे कोणी आले की त्याचे लाड जरूर करा. त्याच्या वेलांट्यांवरून हवे तेवढे भांडा. पण त्यासाठी जुन्याचे नाव खरवडावेच लागले, तर ते एकदा त्याच्या कानात सांगा. बाळावर मी अजूनही थोडी जळते. पण परवा मला पाण्यात लोटताना जमना कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "नलू, सांबाळून जा," आणि मी गेले.