बेचाळीस तुकड्यांचं जाकीट

सासूबाई शिवण शिकायला लागल्या तेव्हा त्यांची साठी उलटली होती. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली. आता कापडं जोडत होत्या.

जुन्या वस्तूंच्या दुकानात एकदा त्यांना घबाड सापडलं. दुकान बंद केलेल्या कुण्या शिंप्याचं, सुटाच्या कापडांच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक. वीतभर लांबरुंद तुकडे, कडा करवतीसारख्या कातरलेल्या, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी. करडा, चॉकलेटी, बारीक रेघांचा, चौकड्यांचा. असे एकूण बेचाळीस. तिथंच त्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या फोटोंतल्यासारखं जाकीट उभं राहिलं. बिनबाह्यांचं, पाच बटणांचं, घड्याळापुरते दोन छोटे खिसे, पाठीला अस्तर. जाकिटात उभा होता त्यांचा जावई. जावई दातांचा डॉक्टर, पण जीव सगळा जुन्या गोष्टींत.

वाढदिवसाला गुपचूप द्यायचं, तर माप कसं घेणार? लेकीकडे गेल्यावर ती चहा टाकायला वळली, तशी सासूबाईंनी गॅलरीत वाळत असलेल्या शर्टाला टेप लावला. छातीचा आकडा पाहून त्या चपापल्या. 'पोरगा अंगानं भरलाय,' त्या मनात म्हणाल्या. 'लेकीच्या हातचं मानवलं म्हणायचं.'

तीन आठवडे मशीन खडखडत होतं. चार तुकड्यांचे कोपरे जिथे भेटत, तिथे सुई मोडे. चिठ्ठ्यांचा डिंक दोऱ्याला धरून बसे. शिवणवर्गाच्या बाई सांगत, "प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवा आणि चिडू नका." इस्त्री त्यांनी फिरवली.

वाढदिवसाला जावयानं जाकीट चढवलं. खुंटीला अडकवलं असतं तर ते याहून बरं बसलं असतं.

"छान ऐसपैस आहे," जावई म्हणाला. त्याला रोज भेदरलेल्या माणसांना धीर द्यायची सवय होती.

लेकीनं जाकिटाकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, माप कुठून घेतलंस?"

"गॅलरीतल्या शर्टावरून."

"तो बाबांचा होता. तेव्हा ते राहायला आले होते."

बाबा म्हणजे लेकीचे सासरे. आजही ते कोपऱ्यातल्या खुर्चीत होतेच. वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. खिशात टेप नसेल तर त्यांना उघडं वाटे. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी हौसेनं शिवलेले पडदे त्यांनी मोजले आणि एक पडदा अर्धा इंच तोकडा असल्याचं पाहुण्यांदेखत जाहीर केलं. तेव्हापासून हे व्याही-विहीण एकमेकांशी लेकीच्या मार्फतच बोलत, एका खोलीत बसूनसुद्धा.

"सूनबाई, त्यांना विचार, बघू का जरा?" व्याही म्हणाले.

"त्याला सांग, जाकीट काढून बाबांना दे. मोजू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

व्याह्यांनी जाकीट अंगात घातलं. पाचही बटणं बिनबोभाट लागली. ते आरशासमोर गेले, बाजूला वळले, पुन्हा समोर झाले. त्यांनी टेप काढून दोन्ही खिसे मोजले.

"डावा खिसा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली आहे," ते म्हणाले.

सासूबाईंनी ओठ आवळले.

"पण विहीणबाई," चार वर्षांत पहिल्यांदाच ते थेट बोलले, "माझ्या मापाचं म्हणून मला आजवर कोणी काही शिवलं नव्हतं. तयार घेतो, तर पोटाला होतं ते खांद्यावरून गळतं. हे मी आता काढत नाही."

"माझा वाढदिवस होता," जावई पुटपुटला. पण तोंडावर सुटका झाल्याचा आनंद होता.

व्याही जाकिटातच जेवले. त्यावर आमटीचा थेंब पडला तेव्हा सासूबाईंनीच उठून ओलं फडकं आणलं आणि "आधी टिपा, चोळू नका," असं थेट त्यांनाच सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी सासूबाईंची बेल वाजली. दारात जाकीट घातलेले व्याही, सोबत त्यांचा सकाळच्या फिरण्यातला एक गोलमटोल दोस्त.

"यांनाही हवंय," व्याही म्हणाले. "मापं मीच घेतलीत. तुम्हाला तसदी नको." कागदावर सुतासुतापर्यंतचे आकडे होते, खाली सही.

सासूबाईंनी कागद वाचला, दोस्ताकडे पाहिलं.

"कंबर चुकली आहे."

"विहीणबाई, मी तीस वर्षं काटे तपासलेत."

"काट्याला पोट नसतं. यांनी श्वास ओढून धरला होता." त्या दोस्ताकडे वळल्या. "भाऊ, जरा बसता का? आणि सांगा, नातवंडं किती?"

भाऊ बसले आणि खुलून नातवंडांचं सांगू लागले. तिसऱ्या नातवापर्यंत टेप त्यांच्या कमरेभोवती गेलाही होता. साडेतीन इंच जास्त.

व्याह्यांनी टेपवरचा आकडा दोनदा पाहिला. मग पेन काढून आपला आकडा खोडला आणि शेजारी विहीणबाईंचा लिहिला. नोकरीत त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

"चौथी नात आहे," भाऊ म्हणाले. "तिचं सांगू, की झालं माप?"

"सांगा, सांगा," सासूबाई म्हणाल्या. "अजून छाती राहिली आहे."