घरचे कान

दुपारच्या सुट्टीआधी ताईने एका आजोबांच्या कवळीचा शेवटचा दात मेणात बसवला, साचा उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि हात धुतले. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येत आणि त्यावरून कवळ्या करायच्या, हे त्या लहानशा कारखान्यातले तिचे काम. शेजारच्या टेबलावरचा सोबती तिला नेहमी म्हणायचा, "जगाला तोंड उघडायला लावता तुम्ही, स्वतः मात्र कधी उघडत नाही." ती हसायची. त्या दिवशीही हसली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडली. कुटुंब न्यायालयाच्या समुपदेशकांसमोर तिची बैठक होती.

नवऱ्याचे घर सोडून ती मुलीला घेऊन माहेरी आली, त्याला आता वर्ष होत आले होते. नवरा दारू पीत नव्हता, आरडाओरडा करीत नव्हता. दार लावून घ्यायचा, शांतपणे मारायचा आणि सकाळी चहा मागायचा. बाहेर त्याला सगळे देवमाणूस म्हणत. वडील कधीच गेले होते. माहेरी आई आणि धाकटा भाऊ. भावाने दारातच तिच्या हातातली बॅग घेतली होती. "ताई, आता काळजी करायची नाही. मी आहे ना," असे म्हणाला होता. जुना फोन नवऱ्याने आपटून फोडला होता, म्हणून भावाने नवा आणला. ती पेटी उघडू लागली, तर म्हणाला, "दे इकडे, तुला काय कळतंय त्यातलं!" आणि सगळे जोडूनच तिच्या हातात दिला. त्या दिवशी तिला वाटले, भाऊ असावा तर असा.

ताईची वकीलबाई पन्नाशीची, आवाजाने खणखणीत. पहिल्या भेटीत ताईच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा ती म्हणाली होती, "समोर बसून जमत नसेल तर नका सांगू. एकट्या असाल तेव्हा फोनवर बोला आणि मला पाठवा. पण सगळं बोला. डॉक्टर आणि वकील यांच्यापासून लपवलं की रोग वाढतो."

म्हणून एकदा ताई कारखान्याच्या मागच्या प्लास्टरच्या खोलीत जाऊन बसली आणि बोलली. कुणालाही न सांगितलेले बोलली. एका दुपारी झोपेच्या गोळ्या हातात घेऊन आपण किती वेळ बसलो होतो, आतून मुलीने "आई, माझी वेणी घाल ना" म्हणून हाक मारली आणि त्या हाकेने आपण कशा उठलो, हेही बोलली. बोलता बोलता हुंदका आला, तोही तसाच गेला. पाठवून झाल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखे तिला वाटले होते.

बैठकीच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर घड्याळ आणि पाण्याचा जग. पलीकडे नवरा इस्त्रीच्या शर्टात, शेजारी त्याचा वकील. मुलीचा ताबा कुणाकडे, एवढाच प्रश्न उरला होता. नवऱ्याच्या वकिलाने घसा साफ केला आणि स्वतःचा फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मुलगी आईकडे सुरक्षित आहे का, हे आईच्याच तोंडून ऐकू या."

आणि त्या खोलीत ताईचा आवाज उमटला. "...गोळ्या हातात होत्या... वाटत होतं, संपलं एकदाचं तर बरं..." मागे प्लास्टर ढवळण्याच्या यंत्राची घरघर. मग हुंदका. मुलीच्या हाकेपर्यंत बोलणे पोहोचण्याआधीच वकिलाने बोट ठेवून आवाज बंद केला.

ताईने नवऱ्याकडे पाहिलेच नाही. तिने पाहिले ते वकीलबाईकडे. हे जगात एकाच बाईला सांगितले होते.

वकीलबाई ताडकन उठली. "अशिलाचं वकिलाशी झालेलं बोलणं आहे हे! तुमच्याकडे आलं कुठून?"

"माझ्या अशिलाने दिलं," समोरचा वकील शांतपणे म्हणाला. "त्याच्याकडे कुठून आलं, ते विचारणं माझं काम नाही."

समुपदेशकांनी बैठक तिथेच थांबवली. जिन्यात ताईने वकीलबाईला गाठले.

"किती विश्वासाने सांगितलं होतं मी तुम्हाला. केसाने गळा कापलात माझा."

वकीलबाईचा चेहरा पडला, पण ती उलटून बोलली नाही. "तुमच्या जागी मी असते, तर मीही हेच म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला एक संधी द्या. आधी माझं घर तपासते. चोर तिथे निघाला, तर तुमचं वकीलपत्र मी स्वतः परत करीन, आणि माझ्याविरुद्ध तक्रार लिहायलाही मदत करीन."

ताई जिना उतरून निघून गेली. घरी आल्यावर आईने विचारले, "काय झालं गं?" भावाने विचारले, "काय म्हणाले?" ताईने सारे सांगितले. भाऊ हळहळला. "हे वकील लोक असेच, ताई. दोन्हीकडून खातात. मी म्हणतो, सोड हा नाद. भाऊजींशी मीच बोलून बघतो. पोरीसाठी तरी घरी जा." आई मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

वकीलबाईने आपले कार्यालय बंद ठेवले आणि संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंना बोलावले. अशा प्रकरणांत न्यायालयेही त्यांचा सल्ला घेत. त्यांनी कार्यालयातले सगळे संगणक पाहिले, कनिष्ठ वकिलांचे फोन पाहिले, वकीलबाईचाही पाहिला. कनिष्ठांपैकी एक मुलगी संशयानेच रडकुंडीला आली. पण काहीही सापडले नाही. मग ताईला बोलावणे आले.

"आता तुमचा फोन," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "इथे, तुमच्यासमोरच बघते."

दोनचार वेळा बोट फिरवून त्यांनी फोन ताईपुढे धरला. "तुमचे निरोप या फोनशिवाय आणखी एका संगणकावर उघडतात. नवा फोन घेतला त्याच दिवशी जोडलाय. तुम्ही पाठवता आणि तुम्हाला येतं, ते सगळं तिथे दिसतं, ऐकू येतं. आज सकाळीही कुणीतरी उघडून बघितलंय. हा संगणक ओळखता का?"

पडद्यावर संगणकाचे नाव होते. भावाने लाडाने ठेवलेले, शाळेत असताना मित्र त्याला ज्या नावाने चिडवत ते.

ताई कितीतरी वेळ त्या नावाकडे पाहत राहिली. ते टोपणनाव तिनेच घरी आणले होते. भाऊ चिडला की तीच त्याची समजूत काढायची. बाहेरचा चोर असता, तर शिव्या दिल्या असत्या. कुंपणानेच शेत खाल्ले, तर शिव्या कुणाला द्यायच्या?

"माझ्या गुरूंनी शिकवलं होतं," वकीलबाई हळू आवाजात म्हणाली, "की अशिलाचं गुपित कपाटात आणि कपाटाची किल्ली आपल्या कमरेला. तीस वर्षं तेच करत आले. पण आता कपाट अशिलाच्या पिशवीत असतं, आणि किल्ली आणखी कुणाकडे आहे, हे मी कधी विचारलंच नाही. चूक माझीही आहे."

ताई तशीच उठली आणि घरी गेली. भाऊ पुढच्या खोलीत त्याच संगणकासमोर काम करीत बसला होता. आई आत होती.

"माझं बोलणं तू तुझ्या भाऊजींना दिलंस?"

त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसून पाहिले. शेवटी खुर्ची मागे सारली. "दिलं. मग काय करू? कोर्टकचेऱ्या तू करायच्या आणि तोंड मी लपवायचं? माझं जमत आलेलं दोनदा फिसकटलं. मुलीकडचे पहिला प्रश्न काय विचारतात, माहितीये? 'बहीण माघारी आलीये म्हणे?' तू परत गेलीस, की सगळं मार्गी लागेल. भाऊजींनी शब्द दिलाय, हात नाही उचलणार."

"शब्द दिलाय." ताईने ते दोन शब्द परत उच्चारले. "आणि माझी मुलगी काढून घेतली असती तर?"

"तसं नसतं झालं गं. नुसती भीती दाखवायची होती. घाबरून गेली असतीस परत. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"चोरून ऐकलंस तू मला!"

"चोरून कसलं? घरातल्या घरात कसलं आलंय गुपित? मी काय परका आहे?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. ताईने तिच्याकडे वळून पाहिले, आणि आईच्या नजरेत जे दिसले, त्याने तिचा उरलासुरला आधार गेला.

"आई, तुला माहीत होतं?"

आईने पदर तोंडाशी धरला. "तो म्हणाला, ऐक. मी ऐकलं."

खोलीत जाऊन ताईने मुलीची पुस्तके आणि कपडे भरले. ज्या बॅगेला दारात भावाने हात लावला होता, तीच बॅग घेऊन ती निघाली. या वेळी कुणी हात लावला नाही. कारखान्यातल्या सोबत्याच्या बहिणीकडे वरची एक खोली रिकामी होती; तिथे मायलेकी राहिल्या.

वकीलबाईने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. "तो आवाज कसा बाहेर गेला, ते न्यायालयाला सांगावं लागेल. भावाचं नाव न घेता नुसतं 'कुणीतरी' असंही लिहिता येईल. पण ते लंगडं पडेल. नाव घेतलंत तर त्याच्यावर तक्रार होईल, चौकशी होईल. माहेरचं दार मग बंदच समजा. विचार करून सांगा."

विचार करायला दिलेल्या दिवसांत फोन आले. आत्या म्हणाली, "अगं, सख्ख्या भावाला पोलिसात देतेस?" मामा म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." भाऊ म्हणाला, "ताई, माझं आयुष्य उद्ध्वस्त होईल." तिचा तो हुंदका नातेवाइकांच्या फोनवर फिरत होता, हेही त्यातूनच कळले. आत्येबहिणीने ऐकला होता, चुलत जावेने ऐकला होता. मात्र "तू कशी आहेस?" असे एकानेही विचारले नाही.

ताईने नाव घेतले.

न्यायाधीश वयस्कर होते. प्रतिज्ञापत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "सख्खा भाऊ?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून तर करत नाही ना?"

"नाही साहेब," ताई म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मारणाऱ्या नवऱ्याचं नाव घ्यायलाही मला असंच अडवलं होतं, घरातली गोष्ट आहे म्हणून. तेव्हा गप्प राहिले आणि फार सोसलं. वकिलाशी बोलायलाही बाईने घाबरायचं, तर मग तिने बोलायचं कुणाशी?"

मागच्या बाकावर भाऊ बसला होता. त्याने मान खाली घातली. नवऱ्याच्या वकिलाने पुन्हा तेच पालुपद लावले, की आपल्याला अशिलाने दिले, आपण विचारले नाही. "विचारायला हवं होतं," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी ते त्याच्यासमोरच लिहून घेतले. चौकशी होईपर्यंत तो आवाज पुरावा म्हणून वापरायचा नाही, मुलगी तूर्त आईकडेच राहील, असा हुकूम झाला. ताई जिंकली, असे वकीलबाईची कनिष्ठ मुलगी आनंदाने म्हणाली. ताईला तसे वाटले नाही. हुकमाने कागदावरचे थांबते. कानांत गेलेले परत येत नाही.

वकीलबाईच्या कार्यालयात तेव्हापासून एक नवी रीत सुरू झाली. कुणीही बाई आली, की तिच्याबरोबर आलेल्या बापाला, भावाला, दिराला बाहेर बसवायचे आणि पहिला प्रश्न विचारायचा, "हा फोन तुम्हाला कुणी जोडून दिला?" बायका गोंधळून सांगतात: नवऱ्याने, मुलाने, भावाने. "पासवर्ड कुणाला माहीत आहे?" सगळ्यांना, घरातच आहे ना. "आणि त्यांचे तुम्हाला माहीत आहेत?" या प्रश्नावर बहुतेक जणी हसतात, असे वकीलबाई सांगते. हसतात आणि मग फोन स्वतःच टेबलावर ठेवतात. त्यानंतर फोन तपासायचा, आणि मगच पुढचे बोलायचे.

काही आठवड्यांनी आई कारखान्याच्या दारात आली. वाळलेली दिसत होती. ताईने तिला आत नेले आणि पाणी दिले.

"नवं स्थळ आलं होतं, त्याही मुलीकडच्यांनी नाही म्हणून कळवलं," आई म्हणाली. "तो जेवत नाही धड. पोरी, तू मोठी आहेस. मागे घे ती तक्रार. झालं गेलं विसर."

ताईच्या हातांना प्लास्टर लागले होते. ते तिने सावकाश पुसले.

"मी मरायला निघाले होते, हे तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आणि बैठकीहून मी घरी आले, त्या संध्याकाळी आपण एका खोलीत बसलो होतो. तू माझ्या शेजारी बसली होतीस. साधा पाठीवरून हातसुद्धा का नाही फिरवलास, आई?"

आईचे डोळे भरून आले. मग अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, "आतडं तुटत होतं गं माझं. पण हात फिरवला असता, तर तुला कळलं असतं, आम्ही ऐकलं म्हणून."

आत यंत्राची घरघर चालू होती. ताईने आईचा हात आपल्या हातात घेतला. त्या हाताचा तिला राग आला नाही; कीव आली आणि फार एकटे वाटले.

"तक्रार मी मागे घेणार नाही," ती म्हणाली. "चल, तुला गाडीपर्यंत सोडते."

दोघी रस्त्याने चालत गेल्या. गाडी येईपर्यंत दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. आई चढली, खिडकीत बसली आणि काचेतून पाहत राहिली. गाडी वळणाआड गेल्यावर ताई कामावर परतली.