म्हशीच्या चामड्याचं जॅकेट

भोरच्या बाजारपेठेत अमृतचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तो दिवसभर उकलतो आणि घरखर्चातून जे काही उरतं ते चामड्याच्या जॅकेटांत घालतो. मेंढीचं हलकं, बकऱ्याचं मऊ, गाईचं जरा दणकट, अशी बरीच जॅकेटं त्यानं जमवलीत. रेक्झिन कोणतं आणि चामडं कोणतं हे तो नुसता हात फिरवून सांगतो. गाडीवर घालायचं जॅकेट मात्र त्याच्या मते म्हशीच्या चामड्याचंच हवं. जाड, जड, दुहेरी शिवणीचं. पहिलं वर्षभर ते अंगाला दाद देत नाही. एकदा वळलं की मग दुसऱ्याचं होत नाही.

तसलं जॅकेट त्यानं आणि वेल्ह्याच्या स्वरूपनं एकाच दिवशी घेतलं होतं, धारावीत. दुकानदारानं दोघांना स्टुलावर बसवून हात पुढं ताणायला लावले होते. हँडल धरल्यावर बाही मनगटावरून वर सरकता कामा नये, म्हणून. मग काय, दोघंही भर दुकानात स्टुलावर बसून वळणं घेत होते, आणि स्वरूप तर तोंडानं गिअरसुद्धा टाकत होता. त्यानंतरचे कितीतरी रविवार त्यांनी रस्त्यावर काढले. सारोळ्याच्या पुलाजवळ चहा, केळदच्या चढावर थांबून हातांवर फुंकर. बोलणं असं फारसं नसायचंच.

पुढं स्वरूपनं बुलेट विकून शेळ्यांची शेड बांधली. रविवारी अमृत फोन करायचा, स्वरूप "बघू" म्हणायचा. असे दोन हिवाळे गेले.

या डिसेंबरात एका सकाळी अमृत वेल्ह्याच्या वरच्या वाडीवर जाऊन थडकला. स्वरूपचं जॅकेट विकत मागायचं, असं त्यानं ठरवलं होतं. खरं तर त्याला नकार ऐकायचा होता. ज्याला जॅकेट द्यावंसं वाटत नाही, तो आज ना उद्या गाडीवर बसणार, असा त्याचा साधा हिशेब. भोरपासून वाडीपर्यंत तो मनाशी एवढंच म्हणत आला: नको म्हण, बाबा.

अंगणात स्वरूपचे वडील, चिमाजी, शेकोटीपाशी बसले होते. अंगात तेच जॅकेट.

"आबा, थाटात हाय की!" अमृत म्हणाला.

"कशाचा थाट! पहाटं शेळ्यांकडं जायला बरं पडतं. पर घोंगडं ते घोंगडं. ह्यात वारा आत येत न्हाई आन घाम भायेर जात न्हाई."

स्वरूप पाल्याचा भारा घेऊन शेडमधून बाहेर आला. पोट सुटलं होतं, दाढीत पाला अडकला होता. "आरं अमृत्या! सोनिया, चा टाक गं, भोरचं सरकार आलंय."

"सरकारांस्नी साखर किती?" आतून त्याच्या बायकोनं विचारलं.

"व्हैनी, हाताला येईल तेवढी."

चहा झाला. शेळ्यांचे भाव झाले, बोकडांचे झाले. अमृतनं कप खाली ठेवला. "एक काम होतं. तुझं जॅकेट मला दे. काय पैसे व्हतील ते सांग."

स्वरूप हसला. "एवढंच व्हय? म्या म्हणलं मोटारीचं काय काढतोय. आबा, काढा ते."

चिमाजींनी लगेच काढून दिलं. उलट हलकं वाटल्यासारखे खांदे उडवले.

"तसं न्हाई," अमृत घाईनं म्हणाला. "लागत आसंल तर ऱ्हाऊ दे. घाई न्हाई."

"हितं काय करतंय ते? उंदरं खायाची. आन पैसं कसलं आणतोस मधी?"

"एकदा घालून तर दाव. मापाचा अंदाज येईल."

स्वरूपनं घातलं. चेन पोटावर येऊन अडली. "आणिक एक शिवून जोडा आता, दोन मिळून बसंल," सोनिया दारातून म्हणाली. पण बाह्या अजूनही कोपरात तशाच वळलेल्या होत्या. स्वरूपनं हात किंचित पुढं केले, उजवं मनगट आपसूक फिरलं. अमृतनं ते पाहिलं.

"चल की," तो हळूच म्हणाला. "खालच्या वळणापातुर. तू चालव."

स्वरूपनं उतारावर उभ्या गाडीकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात शेडमध्ये एक शेळी कण्हल्यासारखी ओरडली.

"काळी व्यायला झालीया," तो म्हणाला. जॅकेट उतरवलं, चार घड्या घालून खताच्या रिकाम्या पोत्यात कोंबलं आणि अमृतच्या हातात दिलं. "जपून जा रं. पाव्हण्यासारखा नगं येत जाऊ." एवढं बोलून तो शेडकडं पळालासुद्धा.

अमृतनं पोतं मागच्या सीटवर बांधलं. मागितलेलं मिळालं होतं. तक्रार कुणाकडं करणार?

वाडी दिसेनाशी झाल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. चामड्याला घडी पडली की ती जात नाही. त्यानं जॅकेट बाहेर काढलं, झटकलं. शेळ्यांचा आणि धुराचा वास आला. आतलं अस्तर अजून कोमट होतं. भोरपर्यंत असं न्यायचं कसं? अंगात त्याचं स्वतःचं होतंच. शेवटी त्यानं ते मागच्या सीटवर उभं टेकवलं, खालचा काठ दोरीनं सीटला आवळला, दोन्ही बाह्या आपल्या कमरेभोवती घेतल्या आणि पुढं गाठ मारली.

मार्गासनीजवळ चाऱ्याचं ओझं घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडायला थांबली होती. अमृतनं वेग कमी केला.

"बाळा," ती ओरडली, "मागचा पेंगतोय रं तुझा! त्याला जागा कर, न्हाईतर पडंल."

"पडू देत न्हाई, आजी," अमृत म्हणाला, आणि पुढचा सगळा रस्ता त्यानं गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.