आईची हळद आणि माझी सीईटी

माझ्या आईबापाचं लग्न आणि माझी सीईटी एकाच आठवड्यात आली. हे मी वर्गात एकदा बोलून गेले, तर डहाणूहून येणाऱ्या मुली इतक्या हसल्या की पुन्हा मी तोंड उघडलं नाही. त्यांना काय कप्पाळ सांगणार? आमच्या पाड्यात आधी संसार मांडतात, लग्न सवडीने लावतात. लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला दोन-तीन दिवस जेवण, वाजंत्री, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान. ती बाई गायल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही. एवढी सवड माझ्या आईबापाला माझ्या जन्माआधीपासून झाली नव्हती. ती नेमकी आता झाली.

दापोलीला जाऊन शेतीचं शिकायचं, हे माझं दहावीपासून ठरलेलं. बोर्डाची परीक्षा पार पडली होती, राहिली होती ती सीईटी. पण अभ्यास करायचा कुठे? माळ्यावर चढले तर तिथे भाड्याची पातेली. चिंचेखाली बसले तर मांडवाच्या मेढी तासायला माणसं आली. शाळेच्या ओट्यावर गेले, तर डीजेवाल्याला आवाज तपासायला तीच जागा सापडली. पेशीविभाजनाचे टप्पे मी त्या ठेक्यावर पाठ केले. आजही ते मला नाचल्याशिवाय आठवत नाहीत.

येणारा-जाणारा विचारायचा, "किती टक्के पडले?"

"परीक्षा व्हायचीय अजून."

"मंग आतापासून एवढी काय वाचतेस?"

सगळ्यांवर ताण म्हणजे हिरी फुई, माझ्या बाबाची मोठी बहीण. लग्नाची सगळी घाई तिची. चिखल्याहून येऊन ती आठवडाभर आधीच मुक्कामाला बसली होती. मी पुस्तक उघडलं की तिला काम आठवायचं. "कविता, त्या पुस्तकात लसूण सोलाया लिवलं नाय का?" बाबाकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "एका दिवसाचा तर पेपर. सकाळी जा, संध्याकाळी ये, मंग हळद." जणू मी तलासरीच्या बाजारातून मिरच्या आणायला निघाले होते.

एक आई तेवढी मध्ये येत नव्हती. पण ती खूश होती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. आई, म्हणजे नवशी, चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. तिच्या हाताला वळण असं की आमच्या घराच्या भिंतीवरचे तिचे मोर बघायला माणसं थांबतात. पण भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा मान सवासिणींचा, लग्न लागलेल्या बायकांचा. आईचं लागलेलं नाही. म्हणून पाड्यात कुणाचंही लग्न असो, आई तांदूळ वाटून द्यायची आणि मागे उभी राहून दुसऱ्यांच्या वाकड्या रेघा बघायची. "एकदा माजं लागू दे," ती म्हणायची, "मंग दाखवते." हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मला ते कळत होतं. पण सीईटीच्या आठवड्यात कळून काय उपयोग?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वैतागून फुईला विचारलं, "एवढी वर्षं थांबलात, अजून महिनाभर थांबलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?"

फुई लसूण सोलता सोलता म्हणाली, "लाहूकडचे कुठं थांबतात? त्यांना पावसाआधी बार उडवायचाय. आणि आईबापाचं लगीन लागल्याबिगर पोरीचं कसं लावायचं? रीत हाय ना!"

लाहू म्हणजे फुईच्या नवऱ्याचा पुतण्या. उंबरगावला कंपनीत आहे, मोटारसायकल आहे, बोलतो कमी आणि हॉर्न जास्त वाजवतो. तो सणाला आमच्याकडे येऊन का बसत होता, ते माझ्या टाळक्यात आत्ता शिरलं. हे लग्न आईबापाचं नव्हतंच. माझ्या लग्नाची वाट मोकळी करणं चाललं होतं. आणि मी बावळट, त्याच लग्नाचा लसूण सोलत होते.

मी बाबाला जाऊन धरलं. तो मांडवावर चढून दोऱ्या बांधत होता. वरूनच म्हणाला, "शिक की! लगीन झाल्यावर शिकाया कोण नको बोलतो?"

"आपल्या पाड्यातली एक तरी शिकली का लग्नानंतर? नाव सांग."

त्याने दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरच्या परीक्षा केंद्रावर माझ्याबरोबर आई आली. बाबाला मांडव होता. ज्या बाईला संध्याकाळी हळद लागायची, ती सकाळी एसटीत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हायवेला लागेपर्यंत मी दम धरला, मग सगळं ओकले. लाहू, पाऊस, रीत, सगळं. शेवटी म्हणाले, "तुम्हाला माझं कॉलेज म्हणजे खेळ वाटतो. तू तरी कशाला हो म्हणालीस?"

आईने मांडीवरची पिशवी सरळ केली.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"फुईनं."

"मला नाय सांगितलं," ती म्हणाली. मनोरचा फाटा गेल्यावर तिने विचारलं, "तुजं कालेज किती वर्षांचं?"

"चार."

"आधार कार्ड घेतलंस ना?" एवढंच ती बोलली. मला वाटलं, संपलं. मी ओरडून ओरडून घसा कोरडा केला आणि ही आधार कार्ड विचारते. त्याच तिरमिरीत मी पेपर दिला. बायोलॉजी बरं गेलं, फिजिक्सने रडवलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर मांडव भरला होता. भाताला वाफ आली होती, धवलेरी येऊन बसली होती, भिंतीवर सवासिणी चौक लिहीत होत्या. फुई हळदीची वाटी घेऊन धावत आली. "कुठं होतीस गं नवरी? बस पाटावर!"

आई बसली नाही. चपला काढल्या, पाय धुतले आणि म्हणाली, "मला यंदा लगीन नाय करायचं."

वाजंत्री आपोआप थांबली. बाबा हातात पेला घेऊन तसाच उभा राहिला.

"येडी झालीस का?" फुई किंचाळली. "धवलेरी आली! भात शिजला!"

"मंग जेवा की. भाताला काय लगीन लागतं?"

"अगं पण का?"

"माजं लागलं की तुम्ही हिचं लावणार. माजंच नाय लागलं, तर हिचं कसं लावाल? रीत हाय ना?"

फुईने मोठ्या आशेने धवलेरीकडे पाहिलं. म्हातारी तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "बरोबर बोलली. आधी आईबाप, मंग पोर. मी तरी उलटं नाय लावणार." आणि तिने तंबाखू तोंडात टाकली.

बाबा जवळ आला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. नवे कपडे त्यानेही घातले होते. "किती दिस थांबायचं, नवशी?"

"चार वर्षं."

"आणि ही नापास झाली तर?" फुईने विचारलं.

"तर परत बसंल. मी पण बसंन."

फिजिक्सचं कुणाला सांगायची माझी छाती झाली नाही. हळूहळू पंगती बसल्या, कारण भात खरंच शिजला होता. बायका चौक अर्धाच ठेवून जेवायला उठल्या. आई तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन भिंतीसमोर उभी होती. एक रेघ तिरकी गेली होती. तिचा हात रेघेपर्यंत गेला, आणि तिने तो मागे घेतला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. आता कोणावर ओरडायचं?

"आये," मी म्हणाले, "लाव ना तू लग्न. मी बघते लाहूचं काय करायचं ते."

तिने वाटी खाली ठेवली आणि ओले हात माझ्याच ओढणीला पुसले.

"चार म्हणजे चार हां, कविता," ती म्हणाली. "पाचवं नाय लावायचं. मला पण लगीन करायचंय."