रिकामा डबा

हुडकेश्वरला बळीरामच्या घराशेजारी नवं हॉस्पिटल झालं, तेव्हापासून त्याच्या फाटकासमोर गाड्याच गाड्या. लेआउटमधले शेजारीपाजारी रोज भांडत. बळीरामचं लक्ष मात्र हॉस्पिटलच्या वरच्या मजल्याकडे होतं. तिथे डायलिसिसच्या मशीन येऊन पडल्या होत्या.

त्याची बायको कांताबाई डायलिसिससाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. ऑटोत हाडं खिळखिळी होतात म्हणाली, म्हणून त्यानं ई-रिक्षा घेतली आणि तो स्वतः चालवत तिला न्यायचा. ती गेली, तशी रिक्षा चादरीखाली उभी राहिली. आता समोरच्या घरातल्या यमुताई त्याच रस्त्यानं डायलिसिसला जात होत्या. परत आल्या की फाटक धरूनच उभ्या राहत. ते बळीरामला बघवत नसे.

पण महापालिकेनं हॉस्पिटलला बजावलं होतं, आधी दारातल्या गाड्या कमी करा, मग वरचा मजला सुरू करा.

त्या कामासाठी हॉस्पिटलनं नंदिनी नावाची मुलगी नेमली होती. ती दिवसभर फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायची, कुठून आलात, कशाला आलात. ऊन चढलं की बळीरामच्या ओसरीत येऊन बसायची.

"काय निघालं वं पोरी?" चहा देत त्यानं विचारलं.

"काका, पेशंटच्या गाड्या थोड्याच. सगळ्या गाड्या डब्याच्या! कॅन्टीनचं कोणी खातच नाही. एक डबा, त्याच्यामागे एक गाडी अन् गाडीवर तिघं."

बळीराम हसला. "मंग घरचं सोडून कॅन्टीनचं कोन खाईन?" मग चादरीखालच्या रिक्षाकडे बघत राहिला. "डबे मी आनले तं?"

नंदिनीनं कप खाली ठेवला. "उद्यापासून करू. सोमवारी महापालिकेचे साहेब बघायला येणार आहेत. तोवर गर्दी हटली पाहिजे, नाही तर मजला लटकला."

दुसऱ्या दिवशी बळीरामनं रिक्षातून घरोघरचे डबे गोळा केले, वॉर्डात पोचवले, जेवणं झाल्यावर नळाखाली स्वच्छ धुतले आणि ज्याचे त्याच्या घरी परत दिले. मनातून खूश होता. पण चहाच्या वेळेला फाटकावर अशी झुंबड उडाली की ॲम्ब्युलन्ससुद्धा आत शिरेना.

एक बाई स्कूटरवरून उतरून थेट त्याच्या अंगावर आली. मागे तिची सासू रडत होती.

"बळीरामभाऊ, रिकामा डबा काहून पाठवला गा? काय झालं आमच्या मानसाले?"

"काई नाही झालं, जेवला तो पोटभर!"

"मंग रिकामा काहून? दवाखान्यातून असा धुतलेला रिकामा डबा मानूस गेल्यावरच येते! मी तं तशीच स्कूटर काढली!"

सगळ्या घरांत तेच झालं होतं. बळीराम ओसरीवर येऊन बसला. कांताबाईनं शेजारची वाटीसुद्धा कधी रिकामी परत केली नव्हती. चिमूटभर साखर तरी टाकायची. आणि शेवटच्या दिवशी नर्सनं तिचा डबा असाच धुऊन, पुसून त्याच्या हातात दिला होता. कोणी काही बोलायच्या आधीच त्याला कळलं होतं. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नसतं तरी चाललं असतं.

"काका, आज रोजच्यापेक्षा जास्त गाड्या," नंदिनी रडवेली झाली होती. "बंद करू या का?"

"थांब वं. बंद काहून करतं? उद्या पाय."

सकाळी तो बाजारातून काटोलची संत्री घेऊन आला. जेवण झालं की प्रत्येक पेशंटपुढे संत्रं धरायचा. "तुमच्या हातानं डब्यात टाका. घरी पोचलं पायजे."

चंपतराव म्हणून एक खडूस म्हातारा होता. त्यानं संत्रं सोललं, अर्धं खाल्लं आणि अर्धं डब्यात टाकलं. "आंबट हाय. म्हातारीले खाऊ दे."

बळीराम भीत भीतच तो डबा घेऊन गेला. म्हातारीनं झाकण उघडलं आणि खो खो हसत सुटली. "हा आमचाच बुढा! चांगला हाय म्हना की!" त्या संध्याकाळी तिच्या घरची गाडी निघाली नाही. इतरांच्याही फारशा निघाल्या नाहीत.

सोमवारी साहेब आले, फाटकाशी उभे राहिले. "आज सुटी आहे का?" त्यांनी विचारलं. नंदिनी म्हणाली, "नाही सर, वॉर्ड भरलेला आहे."

महिन्याभरात वरचा मजला सुरू झाला. यमुताई पायीच गेल्या, चपला फटफट वाजवत. त्यांचा मुलगा अमोल दिवसभर मिहानच्या कंपनीत नोकरीवर, सून नाही. म्हणून बळीरामनं फळीवरून कांताबाईचा डबा काढला. भाजी केली. मीठ किती कमी टाकायचं, ते हाताला अजून आठवत होतं.

दुपारी यमुताईंकडून डबा परत आला. आत अख्खं संत्रं.

समोरच्या घराच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, "भाऊ, संत्रं मले चालत नाही, तुमीच खा. अन् भाजी बरी होती. उद्या दोडका करा."

बळीरामनं उभ्यानंच संत्रं सोललं. गोड निघालं. मग पिशवी उचलून दोडके आणायला गेला.